मूळ, मूल आणि मधला एक बिट

संगणकावर ‘मूळ’ असा शब्द लिहा आणि त्याच्याखाली ‘मूल’. बोलताना जीभ किती मागे वळते एवढाच दोन्हींत फरक. कागदावर मात्र ‘ळ’ आणि ‘ल’ यांची वळणं एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. संगणकाच्या लेखी या दोन शब्दांत नेमका एका बिटचा फरक आहे. याहून कमी फरक असूच शकत नाही. शेवटच्या अक्षरातल्या एका शून्याचा एक झाला, की मुलाचं मूळ होतं, वेलाची वेळ होते आणि कालचा काळ होतो.

बिट, बाइट, रॅम, कोड, फॉन्ट, पिक्सेल हे शब्द मोबाइलच्या दुकानात इतक्यांदा कानावर पडतात, की त्यांचा अर्थ आता किमतीपुरता उरला आहे: आठ जीबी रॅम म्हणजे इतके हजार, बारा म्हणजे तितके. त्या शब्दांच्या मागे काय चाललेलं असतं ते पाहायचं, तर एकच अक्षर धरावं आणि त्याच्या मागे मागे जावं. मी ‘ळ’ धरला. आपलं त्याच्यावाचून पान हलत नाही, प्रमाण हिंदीचं त्याच्यावाचून काही अडत नाही, आणि एका बिटची ही गंमत त्याच्या वाटेवर पुन्हा पुन्हा भेटते.

बिट म्हणजे दोनच शक्यता असलेली निवड. आहे किंवा नाही, चालू किंवा बंद, एक किंवा शून्य. क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की विजेचे साधे स्विच नीट जोडले तर त्यांच्याकडून तर्कशास्त्रातलं ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे सगळं करून घेता येतं. पुढे बेल लॅब्जमध्ये असताना, १९४८ साली, त्यानेच माहिती मोजायचं माप ठरवलं. त्या मापाचं ‘बिट’ हे नाव जॉन टुकीने सुचवल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. मजकुरात काय म्हटलंय याच्याकडे ढुंकूनही न बघता माहिती मोजता येते, ही कल्पना मला अजूनही सहज पचत नाही. ज्ञानेश्वरी आणि किराण्याची यादी एकाच मापाने मोजायची, आणि ते माप दोन्हींना तंतोतंत लागू पडायचं!

आता बोटापासून सुरुवात करू. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच बटणावर राहतात. इंग्रजी ‘एन’चं बटण नुसतं दाबलं तर ‘ल’, शिफ्ट धरून दाबलं तर ‘ळ’. बटणावर काय छापलंय याचा कीबोर्डला पत्ताच नसतो. त्याला कळते ती फक्त जागा. शंभरेक बटणांना शंभर तारा ओढायच्या, तर कीबोर्डचं पोट तारांनीच भरेल. म्हणून आत तारांची जाळी असते. १६ आडव्या आणि ८ उभ्या अशा अवघ्या २४ तारा घेतल्या तरी त्यांच्या छेदांवर १२८ बटणं बसतात. कीबोर्डमधली एक छोटी चिप एकेका तारेत वीज सोडत जाते आणि ती कुठल्या उभ्या तारेतून परत येते ते पाहते. सेकंदाला शेकडो वेळा, तुम्ही काही लिहीत असा किंवा चहा घेत असा.

त्यात आणखी एक पंचाईत असते. बटणाखालचे दोन धातू एकमेकांना भिडतात ते एका फटक्यात नाही. ते थरथरतात, काही मिलिसेकंद जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. चिपने हे सगळं खरं मानलं तर एका दाबण्यात ‘ळळळळ’ उमटेल. म्हणून ती जरा थांबते, थरथर शमू देते आणि मगच दाबणं मान्य करते. आपल्या हाताखाली इतका संयम चाललेला असतो आणि आपण बटणं बडवत असतो.

मग निरोप तयार होतो. यूएसबी कीबोर्डचा साधा निरोप आठ बाइटचा असतो. बाइट म्हणजे आठ बिटांचा एक गट. हा शब्द १९५६ साली आयबीएममधल्या वेर्नर बुखहोल्झने वापरात आणला. बाइटमध्ये आठच बिट हा दंडक पक्का व्हायला मात्र आयबीएमचे १९६४ सालचे सिस्टिम ३६० हे संगणक यावे लागले. तोवर सहा बिटांचेही बाइट होते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. कीबोर्डच्या निरोपातल्या पहिल्या बाइटमधला एकेक बिट कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट अशा एकेका बटणाला वाहिलेला असतो. दुसरा बाइट रिकामा. उरलेले सहा बाइट म्हणजे त्या क्षणी दाबलेल्या सहा बटणांचे क्रमांक. त्या यादीत ‘ए’च्या बटणाला ४ हा आकडा आहे, कारण शून्य ते तीन हे आकडे ‘काहीच नाही’ आणि चुकांचे इशारे यांसाठी राखून ठेवलेत. त्या हिशेबाने ‘एन’चं बटण १७.

म्हणजे ‘ल’ दाबला तर शिफ्टचा बिट शून्य आणि पुढे १७. ‘ळ’ दाबला तर शिफ्टचा बिट एक आणि पुढे तेच १७. बाकी निरोप जसाच्या तसा. अक्षर अजून जन्मालाही आलेलं नाही, आणि एका बिटचा फरक बोटाच्या टोकाशीच दिसला. (मोबाइलवर तारांची जाळी नसते. तिथे काचेवर बोट कुठे टेकलं याचे दोन आकडे निघतात, पण पुढची वाट बरीचशी हीच.)

यूएसबी कीबोर्ड स्वतःहून बोलत नाही. संगणक दर काही मिलिसेकंदांनी त्याला विचारतो, काही आहे का? त्या विचारण्यांच्या मधला काळ आपल्याला नगण्य वाटतो, पण प्रोसेसरच्या हिशेबाने तो अवाढव्य असतो. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. दहा मिलिसेकंदांत तीन कोटी. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. अमेरिकी नौदलातल्या ग्रेस हॉपर व्याख्यानांना जाताना सुमारे तीस सेंटिमीटरचे तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि श्रोत्यांना वाटायच्या: एका नॅनोसेकंदात वीज याहून लांब जाऊ शकत नाही, हे हातात धरून बघा. चिप लहान का असावी लागते याचं याहून सोपं उत्तर मी वाचलेलं नाही.

प्रोसेसरच्या हातात ‘शिफ्ट आणि १७’ आले, तरी अक्षराचा अजून पत्ता नाही. आता ऑपरेटिंग सिस्टिम एक तक्ता उघडते. तुम्ही इंग्रजी लेआउट निवडलेला असेल तर तक्ता म्हणतो ७८, म्हणजे इंग्रजीतला मोठा ‘एन’. मराठी इनस्क्रिप्ट असेल तर तक्ता म्हणतो २३५५. हाच ‘ळ’. संगणकाच्या पोटात ‘ळ’ म्हणून जे काही आहे ते हा आकडा, दुसरं काही नाही.

हा २३५५ कुणी ठरवला? त्याची कथा जरा लांबची आहे, पण सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत १९६३ साली आस्की हा तक्ता ठरला. सात बिट, म्हणून १२८ जागा, आणि त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. मोठा ‘एन’ ७८ आणि छोटा ‘एन’ ११०. दोन्हींत अंतर ३२ चं, म्हणजे नेमका एक बिट. तो योगायोग नाही; आखणाऱ्यांनी मोठी आणि छोटी अक्षरं मुद्दाम अशी बसवली, की एक बिट उलटवला की अक्षराचं रूप बदलावं.

देवनागरीला त्या १२८ जागांत थारा नव्हता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट हे तंत्र, आणि त्याच प्रयत्नांतून १९९१ साली भारतीय मानक म्हणून आलेली इस्की ही पद्धत, यांनी आठवा बिट वापरून वरच्या १२८ जागांत भारतीय लिपी बसवल्या. त्यातली युक्ती मला फार देखणी वाटते. ब्राह्मीच्या पोटी जन्मलेल्या सगळ्या लिपींचा वर्णक्रम बराचसा एकच, म्हणून ‘क’ला एकच आकडा. लिपी बदलली की तोच मजकूर बंगालीत किंवा तेलुगूत दिसायचा.

पण व्यवहारात आपल्याकडे राज्य केलं ते इस्कीने नाही, तर डीटीपीच्या दुकानातल्या फॉन्टांनी. कृतिदेव, शिवाजी आणि त्यांची भावंडं. त्यांची चलाखी अशी, की आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे आणि चित्रं तेवढी देवनागरीची काढायची. डोळ्यांना ‘क’ दिसायचा, आत बसलेला असायचा इंग्रजी छोटा ‘डी’. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की समोर ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं हजर. शोधायला गेलात तर शब्द सापडायचा नाही, क्रम लावायला गेलात तर भलताच लागायचा. कित्येक वर्षांचे अंक, पत्रकं आणि सरकारी कागद त्या रूपात पडून आहेत. मजकूर नव्हे, मजकुराची चित्रं. माझ्या मते मराठीचं संगणकावर सर्वांत मोठं नुकसान कुणी केलं असेल तर या सोयीने.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला कायमचा एक आकडा द्यायचा, अशी तिची प्रतिज्ञा. एकूण जागा ११,१४,११२. भरल्यात त्यांपैकी सुमारे दीड लाख. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागांची ओळ मिळाली, आणि ती इस्कीच्या जुन्या मसुद्याचा क्रम बघून लावली गेली. मोडीलाही २०१४ साली तिची ओळ मिळाली. जी लिपी आज वाचणारे मोजके आहेत, तिलाही इमोजीइतकाच कायमचा पत्ता!

युनिकोडमध्ये ‘ल’ २३५४ आणि ‘ळ’ २३५५. दोनच्या भाषेत ‘ल’ १००१००११००१० आणि ‘ळ’ १००१००११००११. शेवटचा बिट तेवढा निराळा. इस्कीत ही दोन अक्षरं २०९ आणि २१० होती, तिथेही शेजारीशेजारीच, पण त्या आकड्यांत दोन बिटांचा फरक पडतो. म्हणजे एका बिटचा हा शेजार कुणी योजलेला नाही, ओळ सरकली तेव्हा आपोआप जुळून आला. ‘र’ २३५२ आणि खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ २३५३, तिथेही तसंच. त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्यातही एकच बिट. समुद्र आणि सह्याद्री, मधे एक शून्य.

आकडा ठरला, पण तो बाइटमध्ये कसा ठेवायचा? एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे आकडा जात नाही. सगळ्या अक्षरांना सरसकट चार बाइट द्यावेत, तर इंग्रजी मजकूर चौपट फुगतो. यावरचा तोडगा सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या बेल लॅब्जवाल्यांनी काढला. न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, टेबलावर ताटाखाली अंथरलेल्या कागदावर. त्याला यूटीएफ-८ म्हणतात, आणि आज जगातला बहुतेक मजकूर याच पद्धतीने ठेवला जातो. त्यात इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी अक्षर तीन बाइटचं, मोडीचं चारचं. ‘ळ’ असा दिसतो: १११००००० १०१००१०० १०११००११.

सुरुवातीचे तीन एक आणि एक शून्य सांगतात की हे अक्षर तीन बाइटचं आहे. पुढचे दोन्ही बाइट ‘एक-शून्य’ने सुरू होतात, म्हणजे आम्ही मधले आहोत, आमच्यापासून वाचायला लागू नका. त्यामुळे फाइलच्या मधेच कुठेही उडी मारली, तरी दोन-तीन पावलं मागे सरकून अक्षराची सुरुवात सापडते. जेवणाच्या टेबलावर सुचलेल्या गोष्टीत इतका विचार! या खुणा काढून उरलेले बिट जोडले की पुन्हा तोच २३५५.

तीन बाइट म्हणजे मराठीवर अन्याय, असं म्हणणारे भेटतात. हिशेब त्यांचा बरोबर आहे. पण जुन्या एसएमएसचा हिशेब आठवून पाहा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट. इंग्रजी अक्षरं त्यात सात सात बिटांनी दाबून १६० बसतात. मराठीत मात्र प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, म्हणून सत्तरीतच संदेश संपतो. तिथे काना-मात्राही वेगळे मोजले जातात. अन्याय शोधायचा तर तिथे शोधावा, कारण त्या काळी प्रत्येक संदेशाचे पैसे मोजावे लागत.

असो. ‘ळ’चे चोवीस बिट आता रॅममध्ये आले आहेत, आणि माझ्या मते सगळ्यांत अचंब्याची जागा हीच. रॅमच्या प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला १९६८ साली या रचनेचं पेटंट मिळालं. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. तो भार म्हणजे काही हजार इलेक्ट्रॉन. आणि हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ आहे: भरून ठेवला की तेव्हापासूनच झिरपायला लागतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत एकदा प्रत्येक घर वाचायचं आणि पुन्हा भरायचं, असा नियमच आहे. सेकंदाला पंधराहून अधिक वेळा. शिवाय वाचायला गेलं की घर रिकामं होतं, म्हणून वाचलेलं लगेच परत लिहावं लागतं. आठ जीबी रॅममध्ये अशी ६८ अब्ज घरं असतात. तुम्ही पडद्याकडे बघत पुढचं वाक्य जुळवत बसलेले असता, तेव्हा मागचं वाक्य तिथे सतत विस्कटतंय आणि सतत पुन्हा लिहिलं जातंय. वीज गेली की लिहिणं थांबतं, आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

सेव्ह केलं तर ते फ्लॅश मेमरीत जातं. तिथे इलेक्ट्रॉनांना जोर लावून इन्सुलेटरच्या भिंतीपलीकडे ढकलतात, आणि तिथे ते वीज नसतानाही वर्षानुवर्षं अडकून राहतात. ही मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात आणली. इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून पार होतात तेव्हा क्वांटम भौतिकीचा आधार घ्यावा लागतो. भिंतीला भोक पडत नाही आणि इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतो. खिशातल्या फोनमध्ये लग्नाचे फोटो या जोरावर टिकून आहेत.

या विपुलतेची सवय इतकी झाली आहे, की जुने आकडे पाहिले की गंमत वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा भारतात आखून घडवलेला पहिला इलेक्ट्रॉनिक डिजिटल संगणक. तो १९६० साली कामाला लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं बारसं केलं. त्याची मेमरी तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्यांची होती: ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. आजच्या मापात दहा किलोबाइट. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली जेमतेम ३,४०० देवनागरी चिन्हं त्यात मावतील. हा लेख काही मावणार नाही. एवढ्या जागेत त्या मंडळींनी खरी गणितं सोडवली.

त्या संस्थेचे संस्थापक होमी भाभा मुळात विश्वकिरणांचे अभ्यासक होते, आणि बिटांच्या कथेत विश्वकिरणं एका विचित्र वळणावर येतात. मे २००३ मध्ये बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडली, म्हणून संशय आला. फेरमोजणी झाली तेव्हा जादा मतं निघाली ४,०९६. हा आकडा पाहून संगणकवाल्यांच्या भुवया उंचावल्या, कारण दोनचा बारावा घात म्हणजे ४,०९६. मोजणाऱ्या यंत्राच्या मेमरीत एकाच जागचा शून्य एक झाला, तर बरोबर एवढीच मतं वाढतात. प्रोग्रामात चूक सापडली नाही. मग बोट दाखवलं गेलं ते आकाशाकडे: अंतराळातून येणारा एखादा कण वातावरणावर आदळतो, त्यातून सुटलेले कण खाली येतात, आणि त्यांतला एखादा नेमका मेमरीच्या घरातून जातो तेव्हा तिथला भार बदलू शकतो. त्या दिवशी हेच घडलं हे सिद्ध झालेलं नाही. पण याहून पटेल असं दुसरं कारणही कुणी दिलेलं नाही.

अशा चुका पकडायची युक्ती याच्या अर्धशतक आधीच सुचलेली होती. बेल लॅब्जमध्येच रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्राला काम लावून घरी जायचा. सोमवारी येऊन बघतो तर कुठेतरी एक चूक आढळली म्हणून यंत्राने काम सोडून दिलेलं. तो वैतागला. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर चूक कुठे झाली ते का कळू नये? १९५० साली त्याने पद्धत छापली: मूळ बिटांच्या जोडीला थोडे तपासणीचे बिट असे गुंफायचे, की त्यांच्या विसंगतीवरून बिघडलेल्या बिटची जागाच कळावी. जागा कळली की दुरुस्ती आलीच, कारण बिट चुकला असेल तर त्याचं बरोबर मूल्य दुसरं एकच असू शकतं! बँकांच्या आणि मोठ्या सेवांच्या संगणकांत ६४ बिटांमागे ८ बिट या कामाला जुंपलेले असतात. आपल्या घरच्या संगणकाच्या रॅममध्ये बहुधा ही सोय नसते. मुलाचं मूळ व्हायला तिथे वाव आहे. फार थोडा, पण आहे.

आता अक्षर डोळ्यांना दिसायला हवं. इथे फॉन्ट कामाला लागतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा संग्रह असं आपण समजतो. खरं तर त्यात चित्रं नसतात, वक्ररेषांची समीकरणं असतात. आणि ती ज्या वक्रांवर उभी आहेत ते मोटारींच्या पत्र्यांना वळणं देण्यासाठी फ्रान्समध्ये रेनो आणि सित्रोएन या कारखान्यांत तयार झाले होते. ‘ळ’ची ती दोन गोल वळणं एका मोटारीच्या बॉनेटची नातेवाईक आहेत.

देवनागरीत मात्र नुसतं आकड्यावरून चित्र काढून भागत नाही. ‘किल्ला’ हा शब्द मेमरीत असा असतो: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. सहा खुणा, अठरा बाइट. वेलांटी मेमरीत ‘क’च्या मागून येते, कारण उच्चारात ती मागून येते; डोळ्यांना मात्र ती ‘क’च्या आधी दिसायला हवी. ‘धर्म’मधला ‘र’ मेमरीत ‘म’च्या आधी असतो, आणि कागदावर त्याचा रफार ‘म’च्या डोक्यावर जाऊन बसतो. या उलथापालथीसाठी वेगळा प्रोग्राम असतो. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये ते काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. तो खुणा पुढेमागे करतो, जोडाक्षरं जुळवतो, मग फॉन्टकडून नेमक्या आकृत्या मागून घेतो. ‘दऱ्या’ लिहिताना ‘ऱ’नंतर हलन्त आला, की रफार चढवायचा नाही, ‘य’च्या आधी ती पापणीसारखी वळलेली खूण काढायची, हेही त्याला ठाऊक असतं. मराठी आणि हिंदी ‘ल’चा आकडा एकच आहे, २३५४, तरी चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात आणि मजकूर मराठी आहे असं सांगितलं तर आपल्या वळणाचा ‘ल’ पुढे येतो. बहुतेक वेळा आपण ते सांगत नाही, म्हणून मराठी मजकुरात हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ दिसत राहतो. दोष फॉन्टचा नसतो, आपल्या आळसाचा असतो.

शेवटी पडदा. फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. म्हणजे एका पिक्सेलला १,६७,७७,२१६ रंग घेता येतात. फॉन्टच्या वक्रावर जे पिक्सेल पूर्ण आत येतात ते काळे, बाहेरचे पांढरे, आणि ज्यांच्यामधून रेषा जाते त्यांना राखाडीची एखादी छटा; त्यामुळेच ‘ळ’ची वळणं खडबडीत न वाटता गोल वाटतात. भिंग लावून पाहा, गोलाई कुठेच नाही. आणि हे सगळं चित्र सेकंदाला साठ वेळा पुन्हा पाठवलं जातं, तुम्ही काही बदललेलं नसलं तरी. कीबोर्डमधला शिफ्टचा एक बिट, मेमरीतला शेवटचा एक बिट, आणि इथे येईतो त्या एका बिटापायी शेकडो पिक्सेल निराळे झालेले असतात. बटण दाबल्यापासून इथवर यायला काही डझन मिलिसेकंद लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ हिशेबात जात नाही; थरथर शमण्याची, विचारणा होण्याची, पुढचं चित्र पाठवायची वेळ येण्याची वाट बघण्यातच जातो.

यातलं काहीएक पटलं नसेल तर एक प्रयोग करून पाहा. ‘क्षि’ असं अक्षर लिहा आणि बॅकस्पेस एकेकदाच दाबा. डोळ्यांना अक्षर एकच दिसतंय, पण बहुतेक ठिकाणी ते एका दाबण्यात जाणार नाही. आधी वेलांटी जाईल. मग ‘ष’ जाईल आणि पाय मोडलेला ‘क्’ उरेल. मग हलन्त जाईल. ‘क’ जाईल तो चौथ्या दाबण्याला, आणि त्याच्याबरोबर बारावा बाइट.